वगळलेली अकरा वर्षं

एकतीस वर्षं तो रोज सकाळी आठला पुलाखालच्या पायऱ्या उतरायचा, नदीतल्या मोजपट्टीवर पाणी किती आहे ते बघून वहीत लिहायचा. अंगात ताप असला तरी खाडा नाही. बायको म्हणायची, "माझ्या तोंडाकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत." मुलगी इंजिनिअर होऊन त्याच्याच पाटबंधारे खात्यात लागली. खोऱ्यात पुढची तीस वर्षं पाणी किती येईल आणि किती लागेल, हा अहवाल तिच्याकडे आला, तेव्हा वह्यांचं गाठोडं त्यानेच तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

जनसुनावणीला तो कौतुकाने पहिल्या रांगेत बसला. नदीच्या वरच्या अंगाला कारखान्यांची वसाहत व्हायची होती. अहवाल म्हणत होता, पाणी सगळ्यांना पुरून उरेल. त्याला ते पटेना. त्याने प्रत चाळली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: 'अकरा वर्षांच्या नोंदी मोजणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे वगळल्या.' खाली त्या वर्षांची यादी आणि मुलीची सही.

अकराही वर्षं कोरडी होती.

चहाच्या सुट्टीत त्याने तिला जिन्यापाशी गाठलं. "हे तू लिहिलंस?"

"साहेबांनी वगळायला सांगितलं, बाबा. काहीतरी कारण द्यावं लागतं."

"मग कापायला माझाच गळा सापडला?"

"तुम्ही रिटायर झालात. तुम्हाला आता काय फरक पडतो?"

"आणि खालच्या गावांनी वीस वर्षांनी काय प्यायचं?"

"तेव्हाचं तेव्हा बघतील," ती म्हणाली आणि आत गेली.

सुनावणी पुन्हा सुरू झाल्यावर त्याने हात वर केला. अध्यक्षांनी विचारलं, "आपण कोण?"

"यातला तो हलगर्जी माणूस."

हशा पिकला. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला. मग एकेका कोरड्या वर्षाचे आकडे तोंडपाठ सांगत गेला. मागून एक शिक्षिका उठली. "यांनी आता सांगितलं त्या वर्षी पाणी नाही म्हणून आमची शाळा दोन महिने बंद होती. हजेरीपट दाखवते."

मंचावर मुलगी कागद सारखे करत राहिली. तिने मान वर केली नाही.

अहवाल फेरतपासणीला गेला. लोकांनी त्याची पाठ थोपटली. पोरीची चौकशी लागणार, हे त्याला कळत होतं.

घरी बायकोने विचारलं, "कसं झालं तिचं?"

"मी तिच्या विरुद्ध बोललो."

"का?"

तिने दोनदा विचारलं. पोरीने काय लिहिलं होतं, ते मात्र त्याच्या तोंडून निघेना.