त्या सकाळी मी वाजलो नाही

मी एका लाल मोटारीचा हॉर्न बोलतोय. बोलतोय याचंच नवल, कारण पहिल्या पाच वर्षांत मी जेमतेम चार वेळा तोंड उघडलं होतं. आमच्या मालकीणबाई औषधांच्या दुकानात काम करतात. त्या परदेशातून इथे येऊन स्थायिक झाल्या. इथे हॉर्न वाजवणं म्हणजे चारचौघांत शिवी देणं.

मग त्यांचे वडील कायमचे राहायला आले. तिकडे त्यांनी बत्तीस वर्षं बस चालवलेली. इथला परवाना मिळाला आणि पहिल्याच दिवशी माझा घसा बसायची वेळ आली. वळण आलं, वाजव. सायकलवाला दिसला, वाजव. रस्ता रिकामा दिसला, तर शंका आली म्हणून वाजव! रागाचा लवलेश नसायचा हो. तिकडे हॉर्न म्हणजे घरात शिरण्याआधीचं खाकरणं, मी आलोय, सांभाळा. मला हा माणूस फार आवडला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाई झेब्रा पट्ट्यांवरून चालल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. बाबांनी ओळखीचं माणूस म्हणून मला दोनदा वाजवलं, नमस्कार केल्यासारखं. बाई केवढ्यानं दचकल्या! पिशवी पडली, अंडी फुटली. संध्याकाळी आमच्या फाटकाशी येऊन त्यांनी बाबांना एवढंच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या लेक रडकुंडीला आली. "बाबा, मला इथे माणसांत राहायचंय. माझी शपथ आहे तुम्हाला, पुन्हा हॉर्नला हात लावायचा नाही."

"बरं बाई, नाही लावत."

म्हातारा शब्दाचा पक्का. वळणावर अंगठा शिवशिवायचा, पण ते स्वतःला आवरायचे.

मागच्या महिन्यात एका सकाळी लेकीला दुकानाशी सोडून ते बेकरीसमोर थांबले होते. गाडी चालूच होती. समोरची पावाची व्हॅन रिव्हर्समध्ये मागे येऊ लागली. तिच्यामागे त्याच शेजारीणबाई, पाठमोऱ्या, पिशवीत काहीतरी शोधत उभ्या. इथली माणसं मागे वळून बघत नाहीत. गाडी थांबणारच, असा त्यांचा भरवसा असतो.

बाबांचा तळवा माझ्यावर आला. दाबा, बाबा, दाबा! तळवा तसाच थबकला. मग त्यांनी दार उघडून "अहो, सरका!" असं त्यांच्या भाषेत ओरडून पाहिलं. तोवर व्हॅनचा धक्का बसला होता.

बाई वाचल्या, पण खुब्याचं हाड मोडलंय. पुन्हा चालतील याची खात्री डॉक्टर देत नाहीत. व्हॅनवाल्यानं चूक कबूल केली. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी काय करणार होतात?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

तेव्हापासून ते रोज बाईंना भेटायला जातात. परत येऊन गाडीत एकटेच बसतात आणि पुटपुटतात, "हात होता माझा हॉर्नवर." लेक आली की गप्प होतात. शपथ तिनं घातली होती. खरं सांगितलं, तर ती आयुष्यभर स्वतःला बोल लावेल. म्हणून ते एकटेच झुरतात आणि मी सगळं ठाऊक असून मुका राहतो. माझा जीव तुटतो त्यांच्यासाठी.

तुम्ही कुठल्याही देशात गाडी चालवा. मला उगाच वाजवू नका, कबूल. पण कुणाचा जीव धोक्यात असेल, तर कुणाच्याही शपथेला भिऊ नका.

काल लेकीनं एका मैत्रिणीला गाडीत घेतलं. बाबा चालवत होते. लेक कौतुकानं म्हणाली, "आमचे बाबा किती बदललेत बघ. आता हॉर्नला हातसुद्धा लावत नाहीत."