वास्तुशांतीआधीचं वादळ

दुपारनंतर उजनीच्या पाण्यावरचा वारा एकाएकी पडला. केळीचं पान हलेना. मोबाईलवर वादळाचा इशारा सकाळीच आला होता, पण उन्हाळ्यात असले इशारे रोजच येतात, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. बजाबाई मात्र ओट्यावर बसून मावळतीकडं बघत होत्या.

"आभाळ तांबडं झालंय बघ. शेळी झाडावर गेली तवा आसंच हुतं."

वैजयंती वाळत घातलेल्या कुरड्या गोळा करत होती. तिनं नुसतं हूं केलं. सासूबाईंकडं वादळांचा साठा मोठा. एकात बागच्या बाग आडवी झालेली, एकात होडी उलथलेली, एकात शेजाऱ्याची शेळी बाभळीवर सापडलेली. ती शेळी दरवर्षी थोडी वर चढायची.

राहत्या घरावर पत्रे आणि पत्र्यांवर दगड. अंगणापलीकडं नवं स्लॅबचं घर उभं होतं, फरशी बसलेली, दाराला कुलूप. वास्तुशांत परवावर आलेली. वैजयंतीचा नवरा युवराज पूजेचं सामान आणायला टेंभुर्णीला गेला होता. पूजा होईपर्यंत घर वापरू नका, असं गुरुजींनी सांगितलं होतं. त्यात वैजयंतीनं आपली भर घातली होती: चपला नकोत, भिंतीला हात नको, कुणी उगाच डोकावायचंही नाही. उभा जन्म पत्र्याखाली काढला की माणूस पहिल्या स्लॅबला जरा जास्तच जपतं. किल्ली तिच्या कमरेला असायची, आणि दिवसातून कितीदा तरी तिचा हात तिकडं जायचा.

त्यांच्या रानात सांगोल्याकडच्या धनगरांच्या मेंढ्या बसल्या होत्या. खतासाठी मेंढरं रानात बसवायची, आणि ती आहेत तोवर त्या माणसांचं हवं-नको रानाच्या मालकानं बघायचं, ही इकडची जुनी रीत. त्या तळावरची गोजाबाई सुनेला घेऊन दारात आली. सून सुकन्या इथंच, ह्याच रानात बाळंत झाली होती. बारसंही व्हायचं होतं. बाळ घोंगडीत गुंडाळलेलं.

"वैनी, वारं वंगाळ यायला लागलंय. ह्या दोघांस्नी तेवढं स्लॅबच्या घरात बसू द्या. मी जाती मेंढरांपाशी."

वैजयंतीचा हात कमरेशी गेला आणि तिथंच थांबला.

"अवं गोजाबाई, परवा पूजा हाय की. त्यात ही ओली बाळंतीण. नव्या वास्तूत सोयर कसं चालंल? गोठ्यात बसा की."

गोजाबाईनं गोठ्यावरच्या पत्र्यांकडं बघितलं. "पत्र्याखाली भ्या वाटतंय."

"किल्ली दे की गं तिला," बजाबाई म्हणाल्या.

"आत्या, तुमास्नी न्हाय कळायचं त्यातलं."

जिनं सगळा जन्म सोयर-सुतक पाळलं, तिला सून हे सांगत होती. बजाबाईंनी तोंड परत मावळतीकडं फिरवलं. गोजाबाईनंही वाद घातला नाही. "बरं हाय," म्हणाली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून रानाकडं वळली. वैजयंतीला आत कुठंतरी टोचलं. पण वास्तूचं काम आहे, आपल्या हातात काय, असं म्हणत तिनं कुरड्यांचा डबा बंद केला.

मग ते आलं. आधी पाण्यापलीकडचा काठ धुळीत गेला, मग पाणी, मग बाग. धुळीमागोमाग पाऊस कोसळला आणि अंगणात चिखल झाला. डोक्यावरचे पत्रे थडाथड वाजायला लागले. पत्र्यावरचा एक दगड गडगडत खाली आला आणि पडवीचा पत्रा कागदासारखा वर उडून गेला. वैजयंतीनं सासूचा दंड धरला, अंगण ओलांडलं, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडून दोघी आत घुसल्या. गुरुजी आठवले नाहीत की पूजा आठवली नाही. दाराला पाठ लावून ती धापा टाकत उभी राहिली, तेव्हा तिला स्वतःच्या चपला दिसल्या. नव्या फरशीवर चिखल उमटला होता.

आणि मग तिला गोजाबाई आठवली.

बजाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. बाहेर केळी मोडल्याचा आवाज येत होता.

"युवराज झाला तवाबी आसंच वारं हुतं," त्या म्हणाल्या. "खोपट उडालं आमचं. गुरवानं मला देवळात घेतलं, ओल्या अंगाची, पोरासकट. लोक म्हनले, देव बाटला की रं. त्यो म्हनला, बाटला तर बाटला, उद्या धुतो."

सासूचं हे वादळ वैजयंतीनं कधीच ऐकलं नव्हतं.

"आत्या, हे कधी बोलला न्हाईत."

"बाळंतपनाचं काय सांगायचं," म्हणून बजाबाईंनी डोळे मिटले.

आत्ता जावं, त्यांना घेऊन यावं, असं वैजयंतीच्या मनात आलं. तिनं कडीला हात घातला. बाहेर काहीतरी मोठं आपटलं आणि तिनं हात काढून घेतला. तिला जिवाची भीती वाटली. भीती वाटली याचीही मग लाज वाटली, आणि ती दारापाशीच उभी राहिली.

वारा ओसरला तशी ती रानाकडं पळत सुटली. बाग सगळी झोपली होती. तिकडं तिनं बघितलं, पण थांबली नाही. बांधापलीकडच्या खोलगट ओघळीत मेंढरं एकमेकांना चिकटून बसली होती. त्यांच्या मधोमध गोजाबाई गुडघ्या-हातांवर ओणवी, पाठीवर भिजून जड झालेलं घोंगडं. तिच्या पोटाखाली सुकन्या बाळाला घेऊन मुटकुळं करून पडलेली. बाळ पीत होतं.

गोजाबाईच आधी बोलली.

"वैनी, तुमचं पत्रं उडताना दिसलं. म्हातारी बरी हाय न्हवं?"

"हाय. चला तुमी. नव्या घरात चला."

"पूजा हाय की परवा."

"आसू द्या. चला."

बाळ तिनं स्वतः उचललं आणि पुढं झाली. दार उघडंच होतं. आत बजाबाई ओल्या लुगड्यानं फरशीवर बसल्या होत्या आणि दारापासून भिंतीपर्यंत चिखलाची पावलं गेली होती. गोजाबाई उंबऱ्याशी थांबली. तिनं पावलं बघितली, म्हातारीला बघितलं, वैजयंतीकडं एकदा बघितलं. वैजयंतीनं मान खाली घातली. हिनं आता चार शिव्या द्याव्यात, असं तिला मनापासून वाटलं. शिव्या सोसल्या असत्या तिनं.

गोजाबाई सुनेकडं वळली.

"पाय पुसून जा गं आत. नवं घर हाय त्येंचं."

आणि स्वतः बाहेर पायरीवरच बसली.