भरली घागर

वीरण्णानं उपरण्याची घडी दांड्याखाली सारली आणि पालखीचा भार पुन्हा खांद्यावर तोलून घेतला. डांबर मऊ झालं होतं. अनवाणी पाऊल टेकलं की चटका थेट मस्तकात जायचा. पण बसवजयंतीच्या पालखीला पुढचा खांदा देणं हा मंडळाच्या अध्यक्षाचा मान, आणि मान घ्यायचा तर चटकाही घ्यावाच लागतो.

"चला, चला. वेशीपाशी उगं रेंगाळू नका," मठाचे कारभारी बसलिंगप्पा काठी हलवत पुढून म्हणाले.

त्यांची घाई वीरण्णाला कळत होती. वेशीपाशी रस्ता फुटत होता. डावीकडं मठ, उजवीकडं चांभारआळी. पालखी आजवर डावीकडंच वळली होती. यंदा मात्र मागचा खांदा कॉलेजच्या पोरांनी धरला होता आणि त्यांच्या मनात काय आहे ते सगळ्या गावाला माहीत होतं. बरं, मागच्यांनी कितीही रेटलं तरी पुढचा खांदा वळेल तिकडंच पालखी वळते. म्हणजे सगळं ओझं वीरण्णाच्याच गळ्यात.

या सगळ्याचं मूळ त्याच्याच घरात होतं. गेल्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला. कलेक्टर नवे आले, पाट्या नव्या लागल्या. पाण्याचा टँकर तेवढा जुनाच राहिला आणि तोही येईल तेव्हा येई. जिल्हा झाल्याच्या आनंदात कुणीतरी कॉलेजच्या पोरापोरींसाठी निबंधस्पर्धा काढली, 'माझा आवडता इतिहासपुरुष' असा विषय दिला, आणि तिथून वीरण्णाच्या घरातली शांतता गेली. त्याच्या महानंदानं बसवेश्वर घेतले. घ्यावेत की. लिंगायताच्या पोरीनं नाही घ्यायचे तर कुणी? पण निबंध लिहून झाला तरी पोरगी वाचायची थांबेना. जेवायला बसलं की बसवेश्वर, दळण निवडताना बसवेश्वर. हरळय्या चांभाराला बसवण्णांनी वाकून नमस्कार केला, आणि त्या नमस्काराचं ओझं होऊन हरळय्यानं स्वतःच्या अन् बायकोच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून आणले. ही गोष्ट वीरण्णानंही लहानपणी मठात ऐकली होती. ऐकून डोळे पुसले होते आणि घरी येऊन जेवला होता.

"मग आपली पालखी चांभारआळीत का जात न्हाई, अप्पा?" तिनं विचारलं होतं.

"आजवर गेली न्हाई म्हणून."

"पालखीत कोण बसलंय ते तरी ठाऊक हाय का तुम्हाला?"

वीरण्णानं त्या दिवशी भरलं ताट सरकवलं होतं. मंडळाच्या बैठकीत पोरांनी हाच विषय काढला, बसलिंगप्पांनी काठी आपटून तो मिटवला, आणि अध्यक्ष म्हणून वीरण्णानंही मान डोलावली होती.

त्यात आज घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. व्याही अजून व्हायचे होते, पण उदगीरहून चन्नबसप्पा सकाळीच मोटारीनं उतरले होते. पालखी मठात पोचली की जेवणं, आणि जेवणानंतर महानंदाला कुंकू लावायचं ठरलं होतं. स्थळ लाखात एक. मुलगा बँकेत. शिवाय पोरीलाही तो पसंत होता. त्याचा फोटो तिनं बसवेश्वरांच्या चरित्रातच घालून ठेवला होता, हे रत्नम्मानं नवऱ्याला हसत सांगितलं होतं. चहा पिताना चन्नबसप्पा सहज म्हणाले होते, "आमची कशाची मागणी न्हाई, वीरण्णा. रीत तेवढी सांभाळणारं घर पायजे." सहज म्हणाले होते खरं, पण बशी खाली ठेवून म्हणाले होते.

वेस आली. डाव्या हाताच्या दुकानाच्या ओट्यावर चन्नबसप्पा हात जोडून उभे होते, चपला खाली काढून. वीरण्णानं त्यांना मान लववली, उजवीकडं पाहिलं आणि जागीच थांबला.

चांभारआळीच्या तोंडाशी धोंडाबाई उभी होती. वीरण्णाच्या पायातल्या चपला वर्षानुवर्षं तिच्याच घरी शिवलेल्या. तिच्या कमरेवर तांब्याची घागर होती, काठोकाठ भरलेली. पालखी आली की घरोघर पाणी घेऊन बाया बाहेर येत आणि खांदेकऱ्यांच्या पायांवर घालत, ही गावची रीत. यंदा कुणी तांब्याभर घातलं, कुणी नुसती ओंजळ शिंपडली, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. भरली घागर या बाईनं आणली होती. आणि पालखीसाठी दाराबाहेर काढलेलं पाणी परत घरात नेत नाहीत, हीसुद्धा रीतच.

"डावीकडं घ्या," बसलिंगप्पा म्हणाले.

वीरण्णा हलला नाही. पालखीमागं पोरी बसवेश्वरांचं वचन गात होत्या. त्यानं महानंदाला हाक मारली. ती पुढं आली. चेहरा उन्हानं लाल झाला होता.

"यांना कोण बोललं, पालखी येणार म्हणून?"

धोंडाबाईच म्हणाली, "तुमची लेकच सांगून गेली, अण्णा. पालखी येनार, पानी ठेवा म्हनली. पहाटपासून टँकरपाशी बसून राहिले. घरात दुसरं पानी न्हाई आता."

"खरं हाय?"

"हाव," महानंदा म्हणाली. मग ओट्याकडं एक नजर टाकून अगदी हळू, फक्त बापाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पण अप्पा, आज नको. पुढच्या साली बघू."

वीरण्णा तिच्याकडं बघत राहिला. महिनाभर घर डोक्यावर घेणारी ती हीच का? राग यावा तर राग येईना. अठरा वर्षांची पोर, तिला तिचा संसार हवासा वाटला, यात तिचं काय चुकलं? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इथं तर आडही कोरडा आणि विहीरही. डावीकडं वळावं तर पोरीचा शब्द खोटा पडतो, उजवीकडं वळावं तर पोरीचं लग्न मोडतं. ओट्यावर चन्नबसप्पांचे जोडलेले हात आता सुटले होते.

"वीरण्णा, डावीकडं," बसलिंगप्पांचा आवाज चढला. "साऱ्या गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

धोंडाबाईनं कुणाकडंच पाहिलं नाही. ती दोन पावलं पुढं आली, वाकली आणि वीरण्णाच्या पायांवर घागर कलती केली.

"थांब," वीरण्णा म्हणाला आणि त्यानं पाय मागं घेतले.

घागर तशीच तिरकी राहिली. मागं गाणं बंद पडलं. धोंडाबाईचं तोंड एवढंसं झालं. तिनं हळूच घागर सरळ केली आणि पदरानं तिचा काठ पुसला. बसलिंगप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"घे रे जरा," वीरण्णा शेजारच्या पोराला म्हणाला आणि दांडा त्याच्या खांद्यावर दिला. मग धोंडाबाईला म्हणाला, "एवढं पाणी पायांवर घालून मातीत घालवतीस व्हय? पहाटपासून बसलीस ना त्याच्यापायी?"

तो वाकला आणि त्यानं तोंडापाशी ओंजळ धरली.

हा माणूस लातूरला निघाला तरी घरचा तांब्या बरोबर नेणारा. परगावी सोयऱ्यांच्या घरीसुद्धा पाण्याला हात लावताना विचार करणारा. धोंडाबाईला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिनं घाईनं घागर कलती केली आणि पहिलं पाणी त्याच्या सदऱ्यावरच सांडलं. वीरण्णा प्यायला. पाणी कोमट होतं, टँकरच्या पत्र्याचा वास होता त्याला. ओंजळ रिकामी झाली तशी त्यानं ती पुन्हा पुढं केली, आणि पुन्हा प्यायला.

बसलिंगप्पांची काठी जमिनीला टेकलेलीच राहिली.

तोंड पुसून वीरण्णानं दांडा परत खांद्यावर घेतला. महानंदा तिथंच उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून. तिला काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटलं. माफ कर म्हणावं, की तुझाच शब्द राखला म्हणावं, हे ठरेना. त्यानं उजवा पाय पुढं टाकला. पालखी उजवीकडं वळली.

वळता वळता ओटा नजरेत आला. चन्नबसप्पांनी चपला पायात सरकवल्या, पिशवी काखोटीला मारली आणि ते पायरी उतरून मोटारस्टँडच्या रस्त्याला लागले. ते महानंदालाही दिसलं असणार. आळीतल्या सावलीत वीरण्णाच्या पायांना जरा गारवा लागला. दांडा खांद्यावर असला की मान मागं वळत नाही. पोरी येताहेत की नाही तेही समजेना, गाणं अजून बंदच होतं.

मग मागून, आळीच्या तोंडाकडून, धोंडाबाईचा आवाज आला.

"सावकाश पी गं, महानंदा. ठसका लागंल."