वीजवाल्या बाईंच्या तीन खेपा

आमच्या दुकानात सकाळी सहा ते दहा गल्ल्यावर कुनिएबाई उभ्या असतात. वय बहात्तर. नव्या पोरींना कॉफीचं यंत्र लवकर येतं, पण बिलं घ्यावीत ती कुनिएबाईंनीच. वीज, पाणी, गॅस, काहीही आणा. कागदावरच्या बारकोडवर यंत्र धरलं, बीप वाजलं, गिऱ्हाइकाला पडद्यावरचं बटण दाबायला सांगितलं, शिक्का मारला आणि उजवीकडचा तुकडा फाडून हातात दिला. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या सुनेची चौकशीही करून घेतात. दुकान माझं आणि आमच्या ह्यांचं, पण सकाळची गिऱ्हाइकं कुनिएबाईंची.

बारकोडवर त्यांचा एक जुना राग होता. तीस वर्षांपूर्वीपर्यंत त्या वीजबिलाचे पैसे गोळा करत घरोघर फिरायच्या. नवरा मासेमारीच्या बोटीवर, घरी शाळकरी मुलगी, आणि ह्या सायकलवर पिशवी अडकवून अख्खं गाव पालथं घालायच्या. गावात त्यांना 'वीजवाल्या बाई' म्हणायचे. मग बिलावर काळ्या रेघा आल्या, लोक दुकानात पैसे भरायला लागले आणि बाईंचं काम गेलं. पुढे पंधरा-सोळा वर्षं त्यांनी मासळीच्या कारखान्यात हात गारठवले. आमच्याकडे आल्याला आता चौदा वर्षं झाली.

"माझी नोकरी ह्या रेघांनी खाल्ली," त्या पोरींना सांगायच्या, "आणि आता मीच त्यांना रोज चारा घालते."

जुन्या दिवसांतल्या एका घराबद्दल मात्र त्या कधी हसून बोलल्या नाहीत. देवळामागच्या चढावरचं होन्मांचं घर. तोकुजी होन्मा म्हणजे सरकत्या दारांचे सुतार, कामाला वाघ, बोलायला दगड. त्या घरी दर महिन्याला तीन खेपा ठरलेल्या. पहिल्यांदा गेलं की म्हणायचे, "सुटे नाहीत. उद्या या." दुसऱ्यांदा, "हातात काम आहे. परवा या." तिसऱ्यांदा पैसे द्यायचे, तेही मोजून तयार ठेवलेले. सायकल चढावर चढायची नाही. बर्फात तर ती खालीच ठेवून चालत जावं लागायचं. वसुली उशिरा येते म्हणून साहेब बोलायचे, ते वेगळंच.

होन्मा आत पैसे शोधत असताना कुनिएबाई दारातल्या पायरीवर टेकायच्या. आतल्या खोलीत होन्मांची बायको हात्सुए संधिवातानं अंथरुणाला खिळलेली. मध्ये कागदी दार. त्यामुळे चेहरा कधी दिसला नाही, नुसता बारीकसा आवाज यायचा.

"बाहेर बर्फ किती आहे हो, बाई?"

"गुडघाभर. आणि तुमचे मालक म्हणतायत, उद्या परत या."

आतून हसू यायचं. मग ती विचारायची, बाजारात कुठली मासळी आलीय, देवळातल्या झाडाला कळ्या आल्या का, बाईंच्या मुलीचा दात पडला का. कुनिएबाई पाय चोळत, थोड्या चिडून, पण सगळं सांगायच्या. होन्मांना पैसे सापडायला पाव तास लागायचा.

आमच्या दुकानात हेच होन्मा बिल हातात पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. वीज एका दिवशी, पाणी दुसऱ्या, गॅस तिसऱ्या. कुनिएबाई नावापुढे मानाचं 'सान' लावायच्या, पण टोमणा मारल्याशिवाय राहायच्या नाहीत.

"काय होन्मासान, आज पहिल्याच दिवशी? सुटे सापडले वाटतं."

"हं."

"आणि पाण्याचं बिल कुठाय? तेही आलं असेल की. एकदमच आणायचं, चढ तरी वाचेल."

"उद्या आणतो."

"तुमच्या डोक्यात 'उद्या' हा शब्द खिळ्यानं ठोकलाय."

म्हातारबुवा पावती टोपीत ठेवायचे आणि तिथंच घुटमळायचे. मग कुनिएबाईच बोलत राहायच्या. बंदरात काय आलंय, कुणाच्या नातवाचं लग्न ठरलं, कुठल्या रस्त्यावर निसरडं झालंय. ते ऐकून घ्यायचे आणि जायचे. सहा वर्षांपूर्वी हात्सुए वारली. तेव्हा कुनिएबाई कारखान्यातल्या जुन्या बायकांबरोबर आठवडाभर सहलीला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी दुकानातच होन्मांसमोर मान लववली, दोन शब्द बोलल्या. घरी काही गेल्या नाहीत. त्यानंतरही म्हातारबुवांच्या तीन खेपा चालूच राहिल्या.

ह्या फेब्रुवारीत एका सकाळी ते आले. छत्रीवर चार बोटं बर्फ साचलेला. शेजारच्या गल्ल्यावर मी होते, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यांनी तिन्ही बिलं एकदमच काढून ठेवली.

"अरे वा," कुनिएबाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी अक्कल आली."

"पुढच्या महिन्यापासून पैसे बँकेतून परस्पर जाणार," होन्मा म्हणाले. "सेंदाई शहरातली आमची मुलगी आली होती. सगळं करून गेली. बर्फात पडाल म्हणाली."

"बरं केलं पोरीनं."

"हो." मग खाली बघत म्हणाले, "तर, एक सांगायचं राहिलंय. तेव्हा घरात सुटे असायचे."

कुनिएबाईंचा शिक्का हातातच राहिला.

"हात्सुएकडे कुणी यायचं नाही. आजारी माणसाकडे लोक पहिलं वर्षभर येतात. तुम्ही यायच्या. तुम्ही येऊन गेलात की ती संध्याकाळी नीट जेवायची. महिन्यातून एकदाच आलात तर एकच दिवस. म्हणून मी उद्या या म्हणायचो."

होन्मांच्या मागे ट्रकचा ड्रायव्हर गरम कॉफी घेऊन उभा होता. मी त्याला खुणेनं माझ्या गल्ल्यावर बोलावलं. तो बिचारा पावलं न वाजवता आला.

"मला नाही सांगायचं?" कुनिएबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही आजारी माणसाला भेटायला आल्यासारख्या आल्या असत्या. हळू आवाजात बोलल्या असत्या. तुम्ही चिडून बोलायच्या. ते तिला आवडायचं."

"तिला ठाऊक होतं?"

"नाही. ती मला कंजूष म्हणायची. त्या बाईला एवढा चढ चढायला लावता, लाज नाही वाटत, म्हणायची. मरेपर्यंत म्हणत होती." एवढं सांगताना होन्मांच्या तोंडावर चक्क हसू आलं. "तुम्ही इथं कामाला लागल्यावर तिला बरं वाटलं. बिल भरून घरी गेलो की विचारायची, काय म्हणाल्या बाई. मी सांगायचो. मला बोलता येत नाही, त्यामुळे फार पुरायचं नाही. म्हणून तीन दिवस करायचो."

कुनिएबाईंनी मान खाली घालून तिन्ही बिलांवर शिक्के मारले. एक उलटा पडला. त्यांनी तुकडे फाडून दिले आणि नेहमीसारखं "आभारी आहे" म्हणाल्या. होन्मा गेले. बाईंनी मला म्हटलं, "जरा गोदामात जाऊन येते." चांगल्या दहा मिनिटांनी आल्या आणि विकायचे भाताचे गोळे फळीवर रचायला लागल्या.

पुढचं त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितलं.

दहा वाजता सुटल्यावर त्या तडक देवळामागचा चढ चढल्या. वाटेत त्यांना भयंकर राग आला होता, म्हणाल्या. होन्मांचा नव्हे. नोकरी गेल्यापासून चोवीस वर्षं ती बाई त्या घरात जिवंत होती, आणि हातात बिल नाही म्हणून आपण एकदाही त्या दारात गेलो नाही, ह्याचा. दार उघडल्यावर होन्मा नुसते बाजूला झाले. घरातल्या छोट्या देव्हाऱ्यात हात्सुएचा फोटो होता. कुनिएबाईंनी इतकी वर्षं त्या आवाजावरून एक किडकिडीत, लांब चेहऱ्याची बाई मनात धरलेली. फोटोत होती चांगली गोल, थोराड तोंडाची, पुढचे दोन दात फाकलेले, मोठ्यानं हसणारी.

"मला हसायलाच आलं," कुनिएबाई म्हणाल्या. "फोटो बघून रडायचं सोडून मी हसले. होन्मासान बघतच राहिले."

मग त्यांनी उदबत्ती लावली, हात जोडले, आणि बर्फ किती पडलाय, बंदरात कॉड मासा आलाय पण यंदा अंडी कमी आहेत, मुलीला आता स्वतःलाच दोन मुली आहेत, असं सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. बसल्या त्या पायरीवर नाही, आत, चटईवर. होन्मांनी चहा केला. फार कडू झाला होता.

"आणि मी तिला सांगितलं," कुनिएबाई म्हणाल्या, "की तुझा नवरा कंजूष नाही. आपण दोघीही चुकलो."

"मग होन्मासान काय म्हणाले?"

"काय म्हणणार. बिस्किटांचा डबा पुढे सरकवला."

आता बुधवारी सुट्टी असली की कुनिएबाई वर जातात. दोघं टीव्हीवर सुमो बघतात आणि कुठला मल्ल जिंकणार ह्यावरून भांडतात. मार्चमध्ये बर्फ ओसरल्यावर होन्मा एकदा खाली त्यांच्या घरी गेले होते. बाईंच्या स्वयंपाकघराचं सरकतं दार कित्येक वर्षं अडत होतं, उचलून ढकलावं लागायचं. म्हातारबुवांनी रंधा नेला, दार उतरवलं, अंगणात आडवं टाकलं. हात थरथरतात, त्यामुळे दोन दिवस लागले. बाईंनी दोन्ही दिवस आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो घालून मुळ्याचा गरम रस्सा केला. परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला मुद्दाम स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाल्या, "एका बोटानं लोट बघू." मी लोटलं. दार पार टोकापर्यंत गेलं, आवाज न करता.