आबांची गेटापर्यंतची वाट

विठ्ठलराव पडले ते स्वतःच्या अंगणात, भर सकाळी, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. आणि त्यांच्या बायकोचं, केशरबाईचं डोकं असं सणकलं की हातातली चहाची कपबशी तिने ओसरीवरच आदळली. का नाही सणकणार? उभं आयुष्य ज्या माणसाने गावचं सरपंचपद सांभाळलं, ज्याच्यापुढे भांडणारे भाऊ मान खाली घालून बसायचे, तो माणूस दारात पालथा पडला होता आणि त्याच्या तळहातात खडी घुसली होती.

लकवा झाल्यापासून विठ्ठलरावांची उजवी बाजू कमजोर झाली होती. महिनाभर लेकीकडे अंबाजोगाईला उपचार घेऊन ते आणि केशरबाई आदल्या रात्रीच परतले होते. गाडी थेट पायरीला लागली, त्यामुळे अंधारात कुणाला काही दिसलं नाही. सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी वॉकर घेतला आणि गेटाकडे निघाले. गेटाजवळच्या लिंबाखाली त्यांची खुर्ची असायची. सिरसाळ्याच्या बाजाराला जाणारा-येणारा तिथे टेकायचा, सुखदुःख सांगायचा, आणि गावाचे हे आबा अडखळत का होईना, उत्तर द्यायचे. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, रोज चालू द्या, रोज बोलू द्या, नाहीतर परत आलेलं तेवढंही जाईल. पण पायरी उतरून दुसरं पाऊल टाकतात न टाकतात तोच वॉकरचे पाय खडीत रुतले.

खडी! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडी! जिथे केशरबाईने सुगीला ज्वारी वाळवली, लेकीच्या लग्नाचा मांडव घातला, ते मुरमाचं टणक अंगण पार गडप झालं होतं. संभाजीनगरहून कुणी बागवाला आणला होता म्हणे. त्याने आधी काळं कापड अंथरलं, त्यावर घोटा बुडेल एवढी खडी ओतली आणि कापडाला भोकं पाडून झाडं लावली. झाडं तरी कसली? तुऱ्यांचं गवत आणि घायपात. अहो, घायपात! बांधावर जनावर शिरू नये म्हणून लावतात, ती नर्सरीतून कुंडीत घालून आणली होती. बाकी सगळी गाडीची वाट. गाडी आत आली की करकर वाजायचं आणि मुलगा अमरसिंह खूश व्हायचा.

"ही सगळी तुझी थेरं," केशरबाई सुनेवर, तेजश्रीवर उखडली. "मोबाइलात बघायचं आन् आमच्या दारात आणून वतायचं. म्हातारा माणूस चालंल कसा, येवढं बी डोस्क्यात आलं न्हाई?"

तेजश्री सासऱ्यांच्या हाताला हळद लावत राहिली. अमरसिंह म्हणाला, "आई, तुझं आपलं काहीतरीच. आबांना कुठं जायचं असलं तर गाडी हाय की." गाडी होती, पण ती दिवसभर त्याच्याच बुडाखाली असायची. गड्याने उचलून न्यावं म्हटलं, तर विठ्ठलरावांनी डावा हात झटकला. "उचलून... एकदाच... न्या," ते म्हणाले.

मग सुरू झालं रोजचंच. विठ्ठलराव ओसरीवर बसून गेटाकडे बघत राहायचे. जेवण कमी झालं, बोलणं तर त्याहून कमी. आधी पूर्ण वाक्य यायचं, आता एक शब्द, तोही विचारल्यावर. केशरबाई ते बघायची आणि सुनेला टोचायची. भाजीत मीठ जास्त झालं तरी खडी, भांडं पडलं तरी खडी. "आमच्या घरात आलीस आन् मालकाला घरात कोंडलंस," असंही एकदा तिच्या तोंडून गेलं. तेजश्री उलट बोलली नाही. त्याचाही केशरबाईला राग आला.

एका दुपारी गेटावर आवाज चढला म्हणून ती उठली. धुळाजी धनगर बाहेर उभा होता आणि गेटावरचा नवा गडी त्याला आत येऊ देत नव्हता. आबांना आराम हाय, कुणाला सोडायचं न्हाई, अशी अमरसिंहाची ताकीद होती त्याला. केशरबाई त्या करकरत्या खडीतून तशीच अनवाणी गेली.

"कावून अडवतो बे त्याला? धुळाजी या घरात तुझ्या आधीपासून येतो."

धुळाजीने काठी भिंतीला टेकवली. त्याची मेंढरं मागे रस्त्याकडेला उभी होती आणि त्यांतली बरीचशी ठसकत होती. "पाटलीणबाई, मी तीनदा येऊन गेलतो. मालकांची भेटच होऊ देत न्हाईत. टेकडीवर तुमच्या अमरसिंहानं खडीची मशीन बशिवली. समदं गवत धुळीनं पांढरं पडलं, मेंढरं खोकून खोकून मरायलीत. कागदावर लिवलंय म्हणं, टेकडी ओसाड हाय, तिथं कोणी चारत न्हाई. बेस्तरवारी तहसीलची मान्सं बघाया येणार हायेत. टेकडी गायरान म्हणून राखली ती मालकांनी, ते सरपंच होते तवा. त्यांनी चार लोकांत येवढं एक सांगावं. आमचं कोण ऐकतंय?"

"येतील ते," केशरबाई म्हणाली. "गुरुवारी खुर्चीत बसलेले दिसतील तुला."

बोलून तर बसली, आणि घराकडे वळल्यावर तिचं तिलाच कळेना, की आणायचं कसं. सगळा संताप पुन्हा एकदा सुनेवर निघाला. तेजश्री कपडे वाळत घालत होती. "झालं तुझं समाधान? तिकडं त्या गरिबाची मेंढरं मरायलीत, आन् तुझ्या शोभेपायी ह्यांना दार बंद झालंय! आगं, मधून चार फरशा तर टाकायच्या हुत्यास!"

तेजश्रीच्या हातातला टॉवेल खाली पडला. "टाकल्या होत्या, आत्या!" ती किंचाळलीच. सासूला ती आत्या म्हणायची, पण या आवाजात कधी म्हटलं नव्हतं. "पायरीपासून गेटापर्यंत फरशीची वाट आखली होती मी. आबांचा वॉकर मोजून रुंदी धरली होती. ह्यांनी उखडायला लावली. म्हणाले, वाट ठेवलीस तर म्हातारा गेटावर जाऊन बसंल आणि टेकडीचं बोलंल. तुम्हाला सांगितलं तर माहेरी धाडीन म्हणाले. तुम्ही रोज मला बोलत होता आणि मी ऐकून घेत होते, काय करू?"

केशरबाईने खाली पडलेला टॉवेल उचलला. विसरभोळेपणा नव्हता, हौस नव्हती, बागवाल्याचा मूर्खपणा नव्हता. ज्याला बोटाला धरून विठ्ठलरावांनी ह्याच अंगणात चालायला शिकवलं, त्या पोराने बाप गेटापर्यंत पोचू नये म्हणून ठरवून खडी ओतली होती. आणि तीही त्याच टेकडीची. आणि आपण, म्हातारचळ लागल्यासारखं, परक्या घरून आलेल्या पोरीला धारेवर धरत राहिलो. मुलगा असं करील हे मनालाच शिवलं नाही, कारण तो मुलगा होता आणि ती सून होती. केशरबाईला स्वतःचीच भयंकर चीड आली.

"चल," ती सुनेला म्हणाली. "फावडं कुठं हाय?"

बुधवारी अमरसिंह बीडला मुक्कामाला गेला. दुसऱ्या दिवशी तहसीलच्या माणसांना बरोबर घेऊनच येणार होता. त्याची गाडी वळणाआड गेली तशी केशरबाईने पदर खोचला. सासू-सुनेने पायरीपासून खडी ओढायला सुरुवात केली. शेजारच्या जानकीबाई घमेलं घेऊन आल्या, धुळाजीच्या घरच्या बाया आल्या. काळं कापड कात्रीने टराटरा फाडलं. गेटावरचा गडी "धाकले मालक मला ठेवणार न्हाईत" म्हणून हात चोळत उभा होता. "मी बी न्हाई ठेवणार, फावडं घे," असं केशरबाईने सांगितल्यावर तोही लागला कामाला. शेतातल्या विहिरीचा मुरूम निघून पडलाच होता, तो ट्रॉलीने आणून पसरला आणि संध्याकाळी त्यावर भरपूर पाणी मारलं.

पण नुसता ओला मुरूम म्हणजे चिखल. त्यात वॉकर खडीपेक्षा जास्त रुतला असता. तेजश्री म्हणाली, रोलर मागवावा लागेल. "रोलर कशाला?" केशरबाई म्हणाली. "आमी खळं करायचो तवा ओल्या जमिनीवर बैलं फिरवायचो. आता बैलं न्हाईत. मेंढरं हायेत."

गुरुवारी उजाडताच धुळाजीचा कळप आत आला. रीतीप्रमाणे केशरबाईने पुढच्या एडक्याला हळद लावली आणि त्याच्या पायावर पाणी घातलं. मग पायरीपासून गेटापर्यंत आणि गेटापासून पायरीपर्यंत मेंढरं फिरायला लागली. धुळाजी पुढून हाळी द्यायचा, बाया दोन्ही बाजूंनी पदर पसरून वाट धरायच्या. बारीक बारीक खुरांनी मुरूम असा दाबून निघाला की ऊन चढेपर्यंत वर टाच आपटली तर टाचच दुखावी. जाता-येता मेंढरांनी तुऱ्यांचं गवत बुडापर्यंत खाल्लं.

"आगं, तुझं गवत!"

"खाऊ द्या," तेजश्री म्हणाली.

विठ्ठलराव ओसरीवरून सगळं बघत होते. पायरी उतरताना केशरबाईने हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. वॉकर उचलला, टेकवला. पाऊल ओढलं. पुन्हा उचलला, टेकवला. मागे मेंढरं खोकत होती. गेटाजवळच्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

त्याच वेळी अमरसिंहाची गाडी आणि मागे तहसीलची जीप येऊन थांबली. अमरसिंह उतरला, अंगण पाहिलं, बाप पाहिला, लेंड्या पाहिल्या, आणि त्याचा चेहरा उतरला. पण पुढारी माणूस. लगेच हसला. "या साहेब, आत चहा घेऊ, मग टेकडीवर जाऊ."

"थांब... बे," विठ्ठलराव म्हणाले.

साहेब थांबला.

"टेकडी," विठ्ठलराव म्हणाले आणि शब्द अडकला. डोळ्यांत पाणी आलं, मानेची शीर ताठ झाली. केशरबाईला शब्द ठाऊक होता, तिच्या जिभेवर आला होता, पण तिने दात आवळले. "टेकडी... गायरान... हाय. मी... राखली. मेंढरं... चारत्यात."

अमरसिंहाने साहेबाच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ केला. "मनावर घेऊ नका, साहेब. लकव्यानंतर आबांच्या डोक्यावर परिणाम झालाय. काय बोलतात त्यांचं त्यांना कळत नाही. घरचं दुःख आहे, काय सांगावं."

लोकांनी माना खाली घातल्या. धुळाजीनेही घातली. आणि विठ्ठलराव, ज्यांना सगळं कळत होतं, मुलाकडे नुसते बघत राहिले. तोंड उघडलं, पण आता एकही शब्द बाहेर येईना.

केशरबाईने या पोराचं आजवर काय काय झाकलं नव्हतं! शाळेतल्या चोऱ्या झाकल्या, दारू झाकली, सुनेच्या गालावरचा वळ एकदा पाहूनही झाकला. आईने झाकायचं असतं, असंच ती धरून चालली होती. ती पुढे झाली आणि मुलाच्या आणि साहेबाच्या मध्ये उभी राहिली.

"साहेब, ह्यांच्या डोस्क्याला काही झालं न्हाई. माझ्याबी न्हाई. ह्या पोराला मी जन्म दिलाय, तवा माझं खोटं म्हणायची कुणाची छाती न्हाई. बाप तुमच्या म्होरं येऊन खरं बोलू नये म्हणून ह्यानं अंगणभर खडी टाकली. बाप त्या खडीत पडला, तळहात फाटला, तरी ह्यानं ती उचलली न्हाई. टेकडीबद्दल हे बोलले त्येच खरं. तुमी लिवून घ्या, आन् सांगणारी त्याची आई हाय, म्हणून बी लिवा."

"आई!" अमरसिंह ओरडला. "गावासमोर माझी अब्रू घालवतीस?"

"व्हय," ती म्हणाली. "घालवते."

साहेबाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग विठ्ठलरावांकडे. "आबा, चारणारे कोण आहेत, नावं सांगता?" त्याने विचारलं आणि जवळचं स्टूल ओढून तो लिंबाखाली त्यांच्यासमोर बसला.

अमरसिंह वळून गाडीत बसला आणि दार आपटून निघून गेला. केशरबाईने त्याच्या मागे पाहिलं नाही.

"धु..." विठ्ठलरावांनी सुरुवात केली. सगळे थांबले. "धु... ळा... जी."