मला वाळवू नका

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे आणि या घटकेला गोराईच्या खाडीत काठोकाठ पाण्याने भरून चिखलात बसले आहे. उद्या माझ्यावर कुऱ्हाड पडायची आहे. म्हणून जे सांगायचे ते भराभर सांगते.

माझा जन्म वेंगुर्ल्याचा. धाकू सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवले, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासला आणि नारळ फोडून पाण्यात सोडले. पुढे कित्येक वर्षे मी किनाऱ्याकिनाऱ्याने कौले नि नारळ मुंबईला पोचवत होते. इंजिनाच्या बोटी आल्या आणि मला कुणी विचारीना. तेव्हा मला घेतले बोरिवलीच्या मार्तंडरावांनी.

मार्तंडराव साकीनाक्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचे. त्यांना मला घेऊन थेट आफ्रिकेला, मोंबासाला जायचे होते. त्यांच्या पत्नी शुभाताई हसायच्या. "अहो, गोराईची लाँच हलली तरी तुम्ही माझा हात धरता!" तरी दर रविवारी डबा घेऊन त्याही यायच्या.

भर समुद्राला किनाऱ्यावरची होडी चालत नाही, म्हणून मला बदलायला घेतले. गोराईला खाडीकाठी होड्या दुरुस्त करणाऱ्या रतनच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला ठोकळ्यांवर चढवले. माझी उंच डोलकाठी आखूड केली, वादळासाठी जाड कापडाचे लहान शीड शिवले. उघड्या अंगावर फळ्या ठोकून, मध्ये आत उतरण्यापुरती मोकळी जागा ठेवून मला वरून बंद केले, पोटात पाण्याच्या टाक्या बसवल्या, तोलासाठी तळाला शिसे लावले. साकीनाक्याहून लोखंडी कठडा आला, तो बसेना, पुन्हा गेला. खरे सांगते, एवढा थाट माझा कधी झाला नव्हता.

पण एक काम संपले की मार्तंडराव दुसरे काढायचे. "अगं, एकदा निघालो की साधा खिळासुद्धा मिळायचा नाही," असे शुभाताईंना म्हणायचे. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसराही आला. पावसाचा थेंब लागू नये म्हणून मला ताडपत्रीत गुंडाळले होते. तापलेल्या पत्र्याखाली मी वाळत होते. लाकूड पाण्यात फुगते, फळी फळीला घट्ट बिलगते, त्यावरच आमचा जीव चालतो. माझ्या फटी उघडत होत्या आणि नव्या रंगाखाली त्या कुणाला दिसत नव्हत्या. मला ओरडावेसे वाटे. पण होडीला तोंड नसते हो!

गेल्या रविवारी, सत्याऐंशीच्या मे महिन्यात, मला हार घालून पाण्यात उतरवले. सगळीकडून पाणी आत शिरले. थर्मासमधला चहा ओतून होईपर्यंत मी तळाला टेकले. ओहोटी लागली तसे तेच पाणी फटींतून धो धो बाहेर आले. मार्तंडराव चिखलातच मटकन बसले.

"वाट लागली साहेब," रतन म्हणाला. "चाळण झालीय हिची. लाँचच्या वाटेत नको. तोडून टाकू."

"तोड," मार्तंडराव म्हणाले. तो आवाज त्यांचा वाटला नाही.

शुभाताई माझ्या फळीवर हात ठेवून उभ्या होत्या. "अहो, आपलं बाथरूमचं दार पावसात फुगून बसतं ना? तुम्ही रंधा मारता आणि उन्हाळ्यात त्याला फट पडते. ही पण लाकडाचीच ना? राहू दे आठवडाभर पाण्यात."

"दार आणि होडी एकच का गं?" मार्तंडराव वैतागले. मग रतनकडे वळून म्हणाले, "येत्या रविवारी ओहोटीला येऊ. आत पाणी दिसलं, तर घाल कुऱ्हाड."

मित्रांनो, तेव्हापासून मी जिवाच्या आकांताने पाणी पीत राहिले. ओहोटीला आधी धो धो वाहत होते, मग बारीक धार झाली, मग थेंब. आज माझ्यातले पाणी बाहेर गेलेच नाही. फटी मिटल्या! आतले बाहेर जात नाही, म्हणजे बाहेरचेही आत यायचे नाही. पण उद्या त्यांना काठोकाठ भरलेली होडी दिसेल. हे पाणी माझ्या पोटात का राहिले, ते कोण सांगणार? मला फार भीती वाटते.

तुमच्याकडे प्रेमाने झाकून ठेवलेले काही असेल, तर ते बाहेर काढा, वापरा. जपता जपता त्याचा जीव घेऊ नका. आणि कुणी उद्या पहिल्या लाँचने गोराईला येणार असाल, तर मार्तंडरावांना सांगा, कुऱ्हाडीआधी बादली घ्या, एकदा उपसून बघा. ते ऐकणार नाहीत कदाचित. मग शुभाताईंच्या कानात एवढेच म्हणा, दार फुगून बसले.