ल्युकाडेंड्रॉनसाठी काही न करणारा माणूस

महिनाअखेर खोली रिकामी कर, असं भावोजींनी निवांतला सांगितलं तेव्हा तो त्याच खोलीत आडवा होता, त्यामुळे विषय त्याला लगेच कळला. ताईच्या घरी तो चार दिवसांसाठी आला होता, त्याला आता सहा वर्षं होत होती.

भावोजी घड्याळं दुरुस्त करायचे आणि त्यांना कामाचं टेबल तिथं हलवायचं होतं. एखादी गोष्ट चालू आहे की नाही, हे उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हौसेनं बागेत लावलेली ल्युकाडेंड्रॉन नावाची तीन परदेशी झुडपं याच चैनीपायी गेली. पहिलं ते दर शनिवारी उपटून मुळं किती वाढली ते पाहत आणि परत लावत. दुसऱ्याला रोज दोन वेळा पाणी पाजलं. तिसऱ्याला हाडांचा चुरा इतका घातला, की शेजाऱ्यांचा कुत्रा आळ्यापाशी मुक्कामालाच आला.

चौथं आणायला गेले तर नर्सरीवाल्या बाईंनी रोप पाठीमागे लपवलं.

"याला खत सोसत नाही, मुळांना हात लावलेला तर अजिबातच नाही. तुमच्या घरात काही न करणारं कुणी आहे का?"

भावोजींचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी निवांतची मुलाखत झाली.

"काय करता?" बाईंनी विचारलं.

"सध्या काही नाही."

"आणि याआधी?"

निवांतने बराच विचार केला. "याचीच तयारी."

"झाड सुकल्यासारखं वाटलं, तर?"

"उद्या बघेन."

बाईंचे डोळे पाणावले. "अकरा वर्षं असा माणूस शोधतेय मी," त्या म्हणाल्या आणि रोप त्याच्या हातात दिलं. उंचवट्यावर, पाणी झरझर निथळेल अशा रेताड मातीत लावायचं. भरपूर ऊन. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी. हे जरा जास्तच होतंय असं निवांतला वाटलं.

"थंडीत याच्या शेंड्याची पानं लाल होतात, तोवर जगलं, तर खोली तुझी," वाटेत भावोजी म्हणाले. "मेलं, तर बॅग भर."

निवांतने खाट झुडपाशेजारी टाकली आणि कामाला लागला, म्हणजे पडून राहिला. अडचण एकच होती. तिसऱ्याच दिवशी भावोजी खुरपं घेऊन आले.

"फक्त मुळं बघतो रे. जशीच्या तशी ठेवतो."

"तीन मेली, भावोजी."

"हात शिवशिवतात, त्याला मी काय करू?"

खोली हातातून निसटताना निवांतला स्पष्ट दिसली. तो उठून बसला. एवढ्या झटकन तो कधी उठला होता, हे ताईलाही आठवेना. ती तर दारात थबकलीच.

"मग माझ्याकडे बघा ना," तो म्हणाला. "माझीही वाढ खुंटलीच आहे."

मागचं झाकण काढायच्या घड्याळाकडे बघावं तसं भावोजींनी त्याच्याकडे बघितलं आणि खुरपं खाली ठेवलं.

त्या दिवसापासून निवांतला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी सुरू झालं. दर तीन तासांनी जेवण. ऊन सगळीकडून सारखं लागावं म्हणून भावोजी त्याला तासातासाला वळवत. अंगावर कीड नाही ना, म्हणून कानामागे बघत. रविवारी केसांची छाटणी. आणि रोज सकाळी डोळ्याला भिंग लावून तळपाय तपासत, वहीत काहीतरी लिहीत.

"किती दिवस चालणार हे?" ताईने विचारलं.

"उपटत नाहीयेत, हेच नशीब," निवांत तोंडात घास असताना म्हणाला.

तिकडे आठवड्याचं पाणी सोडलं, तर झुडपाकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं आणि ते जोमात होतं. थंडी पडली आणि एका सकाळी शेंड्याची पानं लालभडक दिसली. भावोजींना पत्ताच नव्हता. ते निवांतच्या डाव्या टाचेला तेल चोळत होते.

"भावोजी, शेंडे लाल झाले."

भिंग न काढताच भावोजींनी मान वर केली. झुडूप त्यांना केवढं दिसलं असेल कुणास ठाऊक.

"शब्द म्हणजे शब्द. खोली तुझी."

"मग आत जाऊ?"

"आत ऊन कुठंय?" भावोजी म्हणाले आणि त्याला अलगद दुसऱ्या कुशीवर वळवलं.